नांव आपलें, जागा भाड्याची

शेतमालास भाव येतो तो जितका गुणावर, तितकाच नांवावर येतो, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ, देवगडचा हापूस हीं नांवें एका दिवसांत झालीं नाहींत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांनीं त्यांस मोल आलें आहे. हल्लीं गिऱ्हाईक मालाची पहिली चौकशी अडत्याच्या पेढीवर न करितां हातांतील मोबाइलवर करितें. म्हणून कित्येक बागाईतदारांनीं, सहकारी संस्थांनीं व शेतकरी उत्पादक कंपन्यांनीं आपापलीं संकेतस्थळें उघडलीं आहेत, व हें योग्यच झालें.

परंतु गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांत एक अडचण पुनःपुन्हां दिसून येते. "नांव घेतलें, संकेतस्थळ तयार करविलें, दोहोंचे पैसेही भरले, परंतु नांव टाइप केलें असतां संकेतस्थळ उघडत नाहीं. आतां काय करावें ?" या प्रश्नाचें उत्तर फारसें कठीण नाहीं, व तें या लेखांत क्रमानें दिलें आहे. मात्र त्याच्याच पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, तो कोणी विचारीत नाहीं. हें नांव दप्तरीं कोणाच्या खात्यावर चढलें आहे ? हा प्रश्न आम्हीं स्वतः वेळेवर विचारला नाहीं. त्यामुळें आमच्या संघाची ऐन हंगामांत जी त्रेधा उडाली, तीही येथें न लपवितां सांगणार आहों.

नांव व जागा या दोन वस्तु

संकेतस्थळ म्हटलें म्हणजे त्यांत दोन निरनिराळ्या वस्तु येतात. पहिली वस्तु नांव. त्यास डोमेन म्हणतात. दुसरी वस्तु जागा. तिला होस्टिंग म्हणतात. मालाचीं छायाचित्रें, दरपत्रक, मागणीचा अर्ज हें सारें ज्या यंत्रावर ठेवलेलें असतें, तें यंत्र बहुधा दुसऱ्या शहरांत, कित्येकदां दुसऱ्या देशांत असतें. त्यावरील जागा आपण महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानें घेतों. भाडें परवडेनासें झालें, किंवा घरमालकाची व्यवस्था आवडेनाशी झाली, म्हणजे सामान उचलून दुसऱ्या जागीं जावें, इतका तो व्यवहार सुटसुटीत आहे.

नांवाची गोष्ट निराळी आहे. तें रजिस्ट्रार म्हणून मान्यता असलेल्या कंपनीमार्फत मूळ दप्तरांत नोंदवावें लागतें. 'डॉट इन' व 'डॉट भारत' या शेपटांच्या नांवांचें मूळ दप्तर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, संक्षेपानें निक्सी, या संस्थेच्या ताब्यांत आहे. 'डॉट कॉम'चें दप्तर व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी संभाळते. रजिस्ट्रार हा या दप्तराचा व आपला मधला दुवा होय. नांव कायमचें विकत मिळत नाहीं. एका वेळीं अधिकांत अधिक १० वर्षांकरितां तें नोंदतां येतें, व मुदत संपण्यापूर्वीं पुन्हां पैसे भरावे लागतात. रयतवारींत जोंवर सारा भरला जातो तोंवर जमीन खातेदाराकडे राहते. तसाच हा प्रकार समजावा. सारा थोडा आहे म्हणून तो भरावयाचें विसरूं नये, एवढेंच.

कित्येक होस्टिंगवाले आरंभीं आपल्या नांवाचें शेपूट लावून एक फुकट पत्ता देतात. काम चालू करून पाहण्यास तो पुरेसा असतो. परंतु तोच पत्ता पिशव्यांवर छापणें म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर आंबा लावण्यासारखें आहे. झाड मोठें झालें, फळें धरूं लागलीं, आणि जागा सोडण्याची वेळ आली, म्हणजे झाड तेथेंच राहतें. म्हणून स्वतःचें नांव निराळें नोंदवून तें भाड्याच्या जागेस जोडावें. मग जागा कितीही वेळां बदलली तरी गिऱ्हाइकास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

नांवावरून जागा कशी सांपडते

यंत्रास नांव समजत नाहीं, आंकडा समजतो. जाळ्यांतील प्रत्येक यंत्रास २०३.०.११३.२५ अशासारखा एक आंकडी पत्ता असतो. (हा आंकडा ज्या गटांतील आहे तो गट केवळ पुस्तकी उदाहरणांकरितां राखून ठेवलेला आहे; तो कोणाचाही खरा पत्ता नव्हे.) असे पत्ते अपुरे पडूं लागल्यामुळें हल्लीं याहून पुष्कळ लांब असे नव्या पद्धतीचे पत्तेही चालतात.

प्रारंभीं यंत्रें थोडीं होतीं. तेव्हां सर्व नांवांची व आंकड्यांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें ठेवलेली असे, व प्रत्येकजण तिची नक्कल उतरवून घेई. यंत्रें वाढलीं तशी ही यादी संभाळणें अशक्य होऊं लागलें. १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं नवी पद्धत आंखून दिली; तिलाच डीएनएस म्हणतात. सारें दप्तर एके ठिकाणीं ठेवावयाचें नाहीं, प्रत्येकानें आपापल्या हद्दीचें दप्तर ठेवावयाचें, आणि खालचें दप्तर कोठें आहे एवढेंच वरच्यानें सांगावयाचें, हें या पद्धतीचें मर्म होय.

आमच्या शेतकऱ्यांस हें समजण्यास वेळ लागूं नये. जिल्ह्याच्या कचेरींत जाऊन अमुक गटाचा खातेदार कोण असें विचारलें, तर तेथील कारकून तालुक्याकडे बोट दाखवितो, तालुक्याचा कारकून गांवच्या तलाठ्याकडे पाठवितो, आणि खरी नोंद तलाठ्याच्या दप्तरांत सांपडते. गिऱ्हाइकानें आपलें नांव टाइप केलें म्हणजे त्याच्या मोबाइल कंपनीचें यंत्र असेंच पायरीपायरीनें विचारीत येतें. सर्वांच्या मुळाशीं असलेलें दप्तर सांगतें, 'इन'चें दप्तर अमुक ठिकाणीं आहे. 'इन'चें दप्तर सांगतें, या नांवाच्या नोंदी अमुक नेमसर्व्हरवर आहेत. नेमसर्व्हर हा येथील तलाठी. तो शेवटीं आंकडा सांगतो. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विचारणारें यंत्र मिळालेल्या उत्तराची नक्कल कांहीं काळ आपल्याजवळ ठेवतें. ती किती वेळ ग्राह्य धरावयाची याची मुदत प्रत्येक नोंदीवर सेकंदांत लिहिलेली असते; तिला टीटीएल म्हणतात. ३,६०० म्हणजे एक तास, ८६,४०० म्हणजे एक दिवस. आपण नोंद बदलली तरी ज्याच्याजवळ जुनी नक्कल आहे, तो मुदत संपेपर्यंत जुन्याच जागीं जातो. ७/१२ वर फेरफार होऊनही जुना उतारा बाळगणारा मनुष्य जुन्याच खातेदाराचें नांव सांगत बसावा, तसें हें आहे. "येथें नवें उघडतें, पण मुंबईस भावाच्या मोबाइलवर जुनेंच उघडतें," अशी जी तक्रार येते, तिचें कारण बहुधा एवढेंच असतें.

आमच्या संघाचा अनुभव

आमच्या संघानें २०२२ सालीं हळद व गूळ थेट घरोघरीं पाठविण्याकरितां संकेतस्थळ उघडलें. काम जिल्ह्याच्या गांवीं असलेल्या एका होतकरू तरुणाकडे दिलें होतें, व त्यानें तें चोख केलें. नांवही त्यानेंच नोंदविलें. परंतु तें आपल्या खात्यावर, आपल्या ईमेलवर व आपल्या मोबाइल क्रमांकावर. त्यांत त्याचा कांहीं वाईट हेतु नव्हता. आम्हीं विचारलें नाहीं व त्यानें सांगितलें नाहीं. पावती संघाच्या नांवाची होती, तेवढ्यावर कार्यकारी मंडळाचें समाधान झालें.

२०२५ च्या जानेवारींत होस्टिंगचें भाडें वाढलें, म्हणून आम्हीं जागा बदलण्याचें ठरविलें. नवी जागा घेतली, सारा मजकूर तेथें हलविला, आणि शेवटच्या पायरीवर नव्या होस्टिंगवाल्याची सूचना आली, "ही नोंद आपल्या डोमेनच्या खात्यांत घाला." खातें कोठें आहे हें मंडळांतील एकासही ठाऊक नव्हतें. तो तरुण परगांवीं नोकरीस गेलेला. त्याचा जुना क्रमांक बंद. नांवांच्या सार्वजनिक नोंदवहींत चिटणीसांनीं शोध केला, तेव्हां मुदत संपण्यास १९ दिवस उरल्याचें कळलें. नवी हळद बाजारांत येण्याची वेळ आली होती, आणि दोन हंगामांस पुरतील इतक्या पिशव्यांवर तेंच नांव छापून तयार होतें.

सुदैवानें त्या तरुणाचे मामा शेजारच्या गांवचे, संघाचे जुने सभासद निघाले. त्यांच्याकडून नवा क्रमांक मिळाला, व त्यानें त्याच रात्रीं खातें आमच्या स्वाधीन केलें. मनुष्य सज्जन म्हणून नांव वांचलें. आमच्या व्यवस्थेस त्याचें श्रेय नाहीं.

येवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरें झालें असतें. किल्ली हातीं येतांच आम्हीं घाई केली. एकच नोंद बदलावयाची होती. ती न बदलतां आम्हीं नेमसर्व्हरच बदलून टाकले, म्हणजे एका गटाचा फेरफार करावयाचा तो सोडून गांवचें सारें दप्तरच दुसऱ्या तलाठ्याकडे सोंपविलें. संकेतस्थळ संध्याकाळीं उघडलें, व कचेरींत पेढेही वांटले गेले. मात्र ईमेल कोणत्या यंत्राकडे पोंचवावयाचें हें सांगणाऱ्या नोंदी जुन्या दप्तरांत होत्या; नव्या दप्तरांत त्या कोणीच उतरविल्या नव्हत्या. तीन दिवस संघाच्या पत्त्यावर एकही पत्र आलें नाहीं. मागणी मंदावली असेल असें आम्ही समजलों. चौथ्या दिवशीं पुण्याच्या एका जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला, "तुमचा संघ बंद झाला काय ? माझीं पत्रें परत येतात." त्यानें आपली हळद तोंपर्यंत दुसरीकडून उचलली होती. त्याच्यासारखे आणखी किती होते, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं, कारण परत गेलेल्या पत्रांची यादी आमच्याजवळ असणें शक्य नाहीं. ही चूक सर्वस्वीं आमची होती.

जोडणीची रीत

वरील अनुभवावरून व नंतर केलेल्या चौकशीवरून जो क्रम आम्हांस निर्धोक वाटतो, तो येणेंप्रमाणें :

पहिलें, आहे तें उतरवून घ्यावें. डोमेनच्या खात्यांत 'डीएनएस' या मथळ्याखालीं सर्व नोंदी दिसतात. एकाही नोंदीस हात लावण्यापूर्वीं त्या सर्वांचें छायाचित्र घ्यावें किंवा त्या वहींत लिहून ठेवाव्या. वाचकांनीं पांच प्रकार ओळखले म्हणजे पुरे. 'ए' नोंदींत नांवापुढें आंकडी पत्ता असतो. लांब पत्त्याकरितां तिचीच बहीण 'एएएए'. 'सीनेम' नोंदींत नांवापुढें दुसरें नांव असतें. 'एमएक्स' नोंद ईमेल कोठें पोंचवावें हें सांगते. 'टीएक्सटी' नोंदींत नुसता मजकूर असतो. मालकीचा पुरावा व ईमेलच्या खरेपणाची खूण तिच्यांत ठेवतात. 'एनएस' नोंद दप्तर कोणाकडे आहे हें सांगते.

दुसरें, नकलेची मुदत आधींच कमी करावी. जी नोंद बदलावयाची तिचा टीटीएल ८६,४०० असेल, तर तो ३०० करून एक दिवस जाऊं द्यावा. मग प्रत्यक्ष बदल केल्यावर जुन्या नकला पांच मिनिटांत बाद होतात.

तिसरें, नव्या जागेस आपलें नांव कळवावें. ही पायरी पुष्कळजण विसरतात. एकाच यंत्रावर, एकाच आंकड्यावर शेंकडों संकेतस्थळें नांदत असतात. येणारा ब्राउझर आपणांस कोणतें नांव हवें तें दारांत सांगतो, व यंत्र त्याप्रमाणें घर दाखवितें. आपलें नांव यंत्रास माहीत नसेल, तर पाहुणा वाड्यापर्यंत बरोबर येऊन दारावरून परत जातो. म्हणून होस्टिंगच्या खात्यांत 'कस्टम डोमेन' किंवा 'अ‍ॅड डोमेन' या ठिकाणीं नांव लिहावें. तेथेंच कोणत्या नोंदी घालावयाच्या तें दाखविलें जातें. नांव खरोखर आपलेंच आहे याची खात्री करण्याकरितां कित्येकदां एक 'टीएक्सटी' नोंदही मागतात.

चौथें, नोंदी घालाव्या. नुसत्या नांवाकरितां, म्हणजे ज्याच्या आधीं तीन डब्ल्यू नाहींत त्याकरितां, 'ए' नोंद घालून होस्टिंगवाल्यानें दिलेला आंकडा लिहावा. नांवाच्या जागीं बहुधा '@' ही खूण लिहावयाची असते. तीन डब्ल्यूंच्या नांवाकरितां 'सीनेम' घालावी. नुसत्या नांवावर 'सीनेम' चालत नाहीं, कारण जेथें 'सीनेम' असते तेथें दुसरी नोंद राहूं शकत नाहीं, आणि नुसत्या नांवावर दप्तराच्या व ईमेलच्या नोंदी असतातच. कांहीं कंपन्या यावर तोड म्हणून 'एलियस' नांवाची नोंद देतात. ती मिळत असल्यास वापरावी.

येथें तीन चुका वारंवार होतात. जुनी 'ए' नोंद तशीच ठेवून नवी घातली म्हणजे गिऱ्हाईक कधीं जुन्या जागीं व कधीं नव्या जागीं जातें. जुनी 'एएएए' नोंद काढावयाची राहिली, म्हणजे कचेरींतील संगणकावर नवें स्थळ दिसतें व मोबाइलवर जुनें. कारण आपल्याकडील मोबाइल जाळ्यांवर लांब पत्त्यांचा वापर पुष्कळ आहे. तिसरी चूक अशी, कीं जेथें केवळ तीन डब्ल्यू लिहावयाचे तेथें संपूर्ण नांव लिहिलें जातें, आणि खातें त्यापुढें नांव पुन्हां एकदां जोडून नोंद निरुपयोगी करतें.

पांचवें, थांबावें व पडताळून पाहावें. कचेरींतील एका संगणकावर उघडलें म्हणजे झालें असें समजूं नये. मोबाइलच्या डेटावर पाहावें. परगांवच्या नातलगास पाहावयास सांगावें. केवळ 'ए' व 'सीनेम' बदलल्या असतील, तर टीटीएल संपला कीं काम होतें. नेमसर्व्हर बदलले असतील तर अधिक धीर धरावा. 'कॉम'च्या मूळ दप्तरांत त्या नोंदीची मुदतच १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते.

सहावें, कुलूप लावावें. पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' असलें म्हणजे गिऱ्हाइकाचें लिहिणें वाटेंत कोणास वाचतां येत नाहीं. त्याकरितां प्रमाणपत्र लागतें. पूर्वीं त्यास पैसे पडत; २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून तें फुकट मिळतें, व बहुतेक होस्टिंगवाले तें आपोआप मिळवून आपोआप नवें करितात. परंतु नांव नव्या जागेकडे वळल्यावांचून तें सहसा मिळत नाहीं, म्हणून जोडणीनंतर पहिला थोडा वेळ ब्राउझरनें धोक्याची सूचना दाखविल्यास घाबरून जाऊं नये. दिवसभरांतही ती गेली नाहीं, तर होस्टिंगवाल्यास विचारावें. प्रमाणपत्र तीन डब्ल्यूंसह व त्यांवांचून अशा दोन्ही नांवांस लागूं आहे ना, हें पाहावें.

सातवें, जुनी जागा सावकाश सोडावी. आठवडाभर दोन्ही जागांचें भाडें गेलें तरी चालेल. जागा सोडल्यावर मात्र तिकडे बोट दाखविणारी एकही नोंद दप्तरांत ठेवूं नये. आपण रिकाम्या केलेल्या जागेवर दुसऱ्या कोणी बिऱ्हाड केलें, तर आपली विसरलेली नोंद गिऱ्हाइकास त्याच्या दारीं नेऊन सोडते, आणि तो आपल्या नांवावर काय विकील याचा नेम नाहीं.

आणि या सातांवर एक नियम असा, कीं आवश्यकता नसेल तर नेमसर्व्हरास हात लावूं नये. बदलणें भागच पडलें, तर 'एमएक्स' व 'टीएक्सटी' धरून सर्व नोंदी नव्या दप्तरांत आधीं उतराव्या व मगच दप्तर हलवावें. बदल होतांच बाहेरच्या पत्त्यावरून स्वतःस एक पत्र पाठवून पाहावें. हें पत्र आम्हीं पाठविलें असतें, तर तीन दिवसांचें नुकसान तीन मिनिटांत टळलें असतें.

मुदत व किल्ली

नांव हातचें जाण्याचीं दोन कारणें आहेत : मुदत विसरणें, व किल्ली दुसऱ्याकडे असणें. पहिली चूक लहानांसच होते असें नव्हे. १९९९ च्या डिसेंबरांत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीकडून एका महत्त्वाच्या नांवाचें नूतनीकरण राहून गेलें, आणि हॉटमेलच्या कित्येक ग्राहकांस आपलीं पत्रें पाहतां येईनात. एका परक्या गृहस्थानें आपल्या पदरचे ३५ डॉलर भरले तेव्हां व्यवहार सुरळीत झाला. आपल्या हळदीकरितां असा परका गृहस्थ धांवून येईल, या भरंवशावर कोणी राहूं नये.

'कॉम' नांवाची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरण करूं देऊं शकतो, परंतु इतके दिवस देणें त्यावर बंधनकारक नाहीं. आणि या काळांत संकेतस्थळ बहुधा बंदच असतें. पुढें ३० दिवस जबर फी घेऊन नांव सोडवितां येतें. त्यानंतर ५ दिवसांनीं तें कोणासही मोकळें होतें. मुदतीच्या सुमारें एक महिना व एक आठवडा आधीं स्मरणपत्र धाडणें रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. पण तें जातें खात्यावरील ईमेलवर. आणि तो ईमेल दुसऱ्याचा असला तर स्मरणपत्रही दुसऱ्यासच मिळतें. मुदत व किल्ली या दोन चुका अशा एकमेकींस जाऊन मिळतात.

म्हणून आमच्या संघानें २०२५ च्या वार्षिक सभेंत ठराव करून पुढील व्यवस्था ठेवली आहे. नांव संघाच्या नांवें आहे. खात्यावरील ईमेल कोणा व्यक्तीचा नसून चिटणीसांच्या हुद्द्याचा आहे, आणि तो या नांवावर चालणारा नाहीं. कारण नांव बंद पडलें तर त्यावरील ईमेलही बंद पडतो, व घराची किल्ली घरांतच अडकते. परवलीचा शब्द व मुदतीची तारीख लिहिलेला लखोटा तिजोरींत आहे. ओटीपी येण्याचा क्रमांक संघाच्या कचेरीचा आहे. डेडस्टॉक रजिस्टरांत जेथें कांटा, कपाटें व पंप यांची नोंद आहे, तेथेंच आतां नांवाचीही नोंद आहे, आणि हिशेबतपासनीस दरवर्षीं ती पाहतात. संकेतस्थळ करणाऱ्या कारागिरास काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. खातें देऊं नये. गंवड्यास घर बांधावयास सांगतांना आपण ७/१२ त्याच्या नांवें करीत नाहीं.

एकट्या बागाईतदारानें हीच व्यवस्था घरापुरती करावी. खातें स्वतःच्या नांवें असावें, व किल्ली कोठें आहे हें घरांतील दुसऱ्या एका शहाण्या मनुष्यास ठाऊक असावें. जमिनीस वारसाची नोंद लागते; नांवासही वारस सांगून ठेवावा. "आपल्या नांवाची मुदत संपली, ताबडतोब पैसे भरा," अशीं खोटीं पत्रेंही येतात. पत्रांतील दुव्यावर न जातां स्वतः खातें उघडून तारीख पाहावी, व ओटीपी कोणासही सांगूं नये.

नांव निवडतांना

ज्यांनीं अद्याप नांव घेतलें नाहीं, त्यांच्याकरितां दोन शब्द. मराठी नांव रोमन अक्षरांत लिहूं लागलें म्हणजे एकाचीं चार रूपें होतात. 'ळ' कोणी कसा लिहील याचा भरंवसा नसतो. म्हणून नांव आखूड असावें, व फोनवर एकदां सांगितलें असतां ऐकणाऱ्यास बिनचूक लिहितां यावें. शक्य असल्यास जवळचें दुसरें रूपही नोंदवून तें पहिल्याकडे वळवावें. २०१४ पासून देवनागरी नांव 'डॉट भारत' या शेपटासह घेतां येतें. तें पाटीवर शोभतें, पण तेथेंही 'गांव' आणि 'गाव' हीं यंत्राच्या लेखीं दोन निराळीं नांवें होत. आणि देवनागरी ईमेल पत्ता कित्येक ठिकाणचे अर्ज अद्याप स्वीकारीत नाहींत. तेव्हां तें रोमन नांवाच्या जोडीस घ्यावें. मालास भौगोलिक निर्देशांक मिळाला म्हणजे त्या नांवाचें डोमेन आपोआप आपल्याकडे येतें, अशीही एक समजूत आहे. ती बरोबर नाहीं. आधीं येणाऱ्याच्या नांवें नोंद होते, व मागाहून तंटा करीत बसावें लागतें.

या महिन्यांत आमच्या प्रत्येक वाचकानें एक काम करावें अशी विनंती आहे. ज्यांचें संकेतस्थळ आहे, त्यांनीं नांवाचें खातें स्वतःच्या हातानें उघडून पाहावें. त्यांत नांव कोणाचें आहे, ईमेल कोणाचा आहे, व मुदत कोणत्या तारखेस संपते, हीं तीन उत्तरें वहींत लिहून ठेवावीं. तिन्ही उत्तरें मिळालीं तर निश्चिंत असावें. एकही मिळालें नाहीं, तर आज ज्यानें तें नांव नोंदविलें तो मनुष्य गांवांत आहे, त्याचा क्रमांक चालू आहे, आणि पुढला हंगाम अद्याप दूर आहे, तोंवरच तें मागून घ्यावें.